नीळ, अर्धी डबी

४ जून

दादा,

फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोन आईच्या पलंगाशेजारी आहे आणि मला जे सांगायचंय ते आईच्या कानावर जाता कामा नये. शिवाय फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस. कागदावर 'हं' लिहून टपालाचं तिकीट चिकटवायची तुलाही लाज वाटेल, म्हणजे काहीतरी बोलशील.

आपल्या शेडमधले टर्कीचे नर मरताहेत. आठ दिवसांत पाच गेले. मरतात ते रोगट, मान टाकलेले नाहीत. सगळ्यांत मोठे, सगळ्यांत तगडे, तेच जातात. काल माझ्या डोळ्यांसमोर एक गेला. दुपारी पाण्याची भांडी धूत होते. हा गडी पिसारा फुलवून, छाती काढून, माझ्यासमोर राजासारखा मिरवत होता. मी म्हटलं, "पुरे रे बाबा, बघितलं!" आणि त्यानं एकदा पंख फडफडवले आणि उताणा पडला. मी हात पुसून जाईपर्यंत संपलं होतं. डोकं लालभडक असतं ना त्यांचं, ते कागदासारखं पांढरं झालं होतं. चोचीत थोडं रक्त.

अण्णा जाऊन सात महिने झाले. हा पहिलाच कळप, जो अंड्यातून बाहेर आल्यापासून माझ्या हाताखाली वाढला. अण्णांच्या वेळी असं एकदाही झालं नव्हतं, हे तुला सांगायला नको. चौतीस नर निवडून ठेवले होते, आता एकोणतीस उरलेत. पंचवीस ऑगस्टला उबवणी केंद्राचे प्रमुख निवडीला येणार. बारा धडधाकट नर दाखवायचे, तरच ते अण्णांच्या वाणाची अंडी पुढच्या वर्षी वेगळी उबवणार. अकरा भरले तरी वाण बंद. मग आपल्या माद्या बाजारच्या नरांबरोबर सोडायच्या आणि तीस वर्षं अण्णांनी एकेक पाखरू निवडून जे उभं केलं ते दोन पिढ्यांत मिसळून जाणार.

शेजारचे म्हणतात, विक, मोकळी हो. मी हटणार नाही. कुठे घोडं पेंड खातंय ते शोधून काढणार आहे. तू सतरा वर्षांचा होईपर्यंत त्या शेडमध्ये वाढलास. असं कधी पाहिलं असशील तर लिही.

आईला सगळं छान चाललंय असं सांगते. तिच्या छातीचं तुला माहीत आहे. मेलेली पाखरं मी मागच्या दारानं नेते.

तुझी बारकी


११ जून

बारके,

पत्र पोचलं. हं.

बघ, लिहून दाखवलं. आता पुढचं वाच. मी पाण्याच्या पंपांवर काम करणारा माणूस. पाखरांना हात लावून बावीस वर्षं झाली. पण तू लिहिलंस ते वाचून मला आमच्या पंपघरातला मोठा पाइप आठवला. तोही असाच, ना गळती, ना कुरकुर, एके दिवशी धाडकन फुटला. चोचीत रक्त आणि डोकं पांढरं, म्हणजे रक्त कुठेतरी भलतीकडे गेलं. पोट उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही. तालुक्याला जनावरांचे डॉक्टर असतील, त्यांच्याकडे ताजं मेलेलं पाखरू घेऊन जा. आदल्या दिवशीचं नको.

आणि एक लक्षात ठेव. पाइप दोन कारणांनी फुटतो. एकतर दाब जास्त होतो, नाहीतर पाइपाची भिंत कच्ची असते. आमचे साहेब दर वेळी दाब कमी करायला सांगतात, कारण ते सोपं असतं, चावी फिरवली की झालं. भिंत कुणी बघत नाही. तू दोन्ही बघ.

खाद्याच्या खोलीचं मात्र मला विचारू नकोस. शेवटी शेवटी अण्णा मला तिथे पाऊल टाकू देत नव्हते, हे तू पाहिलंयस. लहान होतीस, पण पाहिलंयस.

तुझी वहिनी म्हणते, तूच आजारी पडशील, जेवत जा. मीही तेच म्हणतो.

दादा


१७ जून

दादा,

तुझी पंपघरातली अक्कल कामाला आली, हे आधी कबूल करते. चढून जाऊ नकोस.

परवा सकाळी एक पडला तेव्हा तो अजून गरम असतानाच पोत्यात घालून डॉक्टरकडे नेला. डॉक्टर म्हणजे एक बाई आहेत, माझ्याहूनही दोनेक वर्षांनी लहान. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार. तिनं पाखरू टेबलावर घेतलं, कात्री चालवली आणि मला जवळ बोलावलं. पोट गोठलेल्या रक्तानं गच्च भरलेलं. तिनं ते ओंजळीनं बाहेर काढलं, पाणी सोडलं, आणि पाठीच्या कण्याला लागून जाणारी रक्ताची मोठी नळी दाखवली. महारोहिणी म्हणतात तिला. बोटभर लांब चीर. उभी, सरळ, जुनं कापड टरकावं तशी.

"रोग नाही हा," ती म्हणाली. "एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टर्कीच्या नराच्या रक्ताचा दाब माणसाच्या दुपटीच्या वर असतो. भराभर वाढतात, भांडतात, मिरवतात. मग दाब चढतो आणि नळी फुटते."

मी लगेच तुझं वाक्य तिच्या तोंडावर मारलं, "दाब की भिंत?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही पाखरानंच प्रश्न विचारला. म्हणाली, "भिंतही बघायची, पण आधी दाब उतरवू." म्हणजे तुमच्या साहेबांचीच जात.

तर आता शेडच्या खिडक्यांना पोती लावलीत, उजेड कमी. खाद्य एक पंचमांश कमी. आत कुणी यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. शिंक आली तर मी बाहेर पळते. भांडखोर नर वेगळे काढले. सव्वीस आहेत.

तिनं खाद्याचंही विचारलं. मी म्हटलं, अण्णांचाच कागद आहे, तीस वर्षांचा, त्याच्या बाहेर मी जात नाही. कागद अजून खोलीच्या दाराला आतून खिळ्यानं ठोकलेला आहे. मका इतका, पेंड इतकी, शिंपल्यांचा चुरा, चुना, मीठ. गंमत सांगते. सगळ्यांत खाली काय लिहिलंय? 'नीळ, अर्धी डबी'! वाण्याची यादी आणि पाखरांचं खाद्य एकाच कागदावर. पांढऱ्या शर्टांचं वेड माणसाला कुठवर नेतं बघ. ती ओळ मी पहिल्याच दिवशी खोडून टाकली. खोडल्यावर लक्षात आलं, की आता नीळ घालायला शर्टच राहिले नाहीत. मग तिथेच पोत्यावर बसून थोडी रडले. तेवढंच रडले, नंतर वेळ मिळाला नाही.

बारकी


२४ जून

बारके,

पत्र दोनदा वाचलं.

डॉक्टरीणबाई हुशार दिसतात. त्या सांगतात तसं कर. पोती लावलीस ते बरं केलंस.

भिंतीचं पुन्हा विचार त्यांना. विसरू नकोस. माणूस दाबाच्या नादी लागला की भिंत राहून जाते.

आणि कागदावरचं काही खोडायला नको होतंस. अण्णांनी लिहिलेलं होतं ते. होतं तसं कर.

इथे काम फार आहे. दोन पंप एकदम बसले. म्हणून थोडक्यात लिहितो.

दादा


१५ जुलै

दादा,

चार आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं.

सतरा उरलेत.

उजेड कमी, खाद्य कमी, आवाज बंद, सगळं झालं. सुरुवातीला बरं वाटलं. पाच दिवस एकही गेला नाही, तेव्हा मी वेड्यासारखी शेडच्या दारात उभी राहून मोजत होते. सहाव्या दिवशी दोन. नंतर थांबायचं नाव नाही. आता तर भांडणं नाहीत, मिरवणं नाही, नुसता बसलेला नर बसल्या जागी जातो. म्हणजे दाब नव्हेच. तुझंच बरोबर निघालं, भिंत कच्ची आहे. पण भिंत कच्ची का?

डॉक्टरीणबाईंनाही आता तेच वाटतंय. त्या नळीच्या भिंतीला रबरासारखा ताण असतो म्हणे आणि तो ताण यायला पोटात तांबं जावं लागतं. अगदी थोडं, पण जावं लागतं. तांबं कमी पडलं की भिंत ठिसूळ. एका नराचं यकृत त्यांनी तपासणीला पाठवलंय. निकालाला वेळ लागेल. त्यांनी विचारलं, "तुमच्या खाद्यात तांबं कशातून जातं?" मी म्हटलं, आमच्या घरात तांब्याची एक कळशी आहे, ती पाखरांना खाऊ घालत नाही. त्या हसल्या नाहीत. चुना, मीठ, शिंपले यांत तांबं नाही, असं म्हणाल्या. मग अण्णांची पाखरं कशी जगली?

तुझं मागचं पत्र मनाला लागलं. अण्णांचं अक्षर मी खोडायला नको होतं, खरंच. पेन्सिलीनंच खोडलं होतं, ते रबरानं हलक्या हातानं पुसून काढलं. ओळ पुन्हा स्वच्छ दिसतेय. कागद दारावरून काढून काचेच्या चौकटीत बसवला आणि भिंतीवर लावला. तुला बरं वाटेल म्हणून सांगते.

आता माझ्यावर एक उपकार कर. नीट आठव. अण्णा तांब्याचं काही टाकायचे का? पाण्यात, खाद्यात, कशातही? त्या खोलीत त्यांच्याबरोबर उभं राहिलेलं जिवंत माणूस तूच आहेस. आईला विचारता येत नाही. चौकटीकडे बघून अण्णांनाच विचारते, ते काही बोलत नाहीत. तू तरी बोल.

बारकी


२० जुलै

बारके,

आधी एवढं वाच आणि हे पत्र घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

कागदावरची नीळ म्हणजे कपड्यांची नीळ नाही. नीळ म्हणजे मोरचूद. तांबं त्यातच असतं. अण्णा दर वेळी खाद्यात मोरचूद घालायचे. 'अर्धी डबी' म्हणजे आता कुठली डबी ते मला सांगता येणार नाही, अण्णांनी नंतर बदललीही असेल, म्हणून त्या शब्दावर जाऊ नकोस. स्वतःच्या अंदाजानं एक चिमूटही टाकू नकोस. मोरचूद जास्त झाला तर विष आहे. किती घालायचा ते बाईंकडून तोलून घे.

आता बाकीचं.

शंका मला तुझ्या पहिल्याच पत्रानं आली होती, १७ जूनच्या पत्रात खात्री झाली. 'नीळ' वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तरी मी तुला 'अक्षर खोडायला नको होतं' असलं काहीतरी लिहिलं. वाटलं, तुला आपोआप समजेल आणि मला बोलावं लागणार नाही. तू कागद चौकटीत बसवलास. ते वाचून मी पंपघरात जाऊन बसलो. माणसं विचारायला लागली, काय झालं म्हणून.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा अण्णा दोन दिवस बाहेरगावी गेले होते. खाद्य मी कालवलं. मोरचूद अर्धी डबी घालायचा होता. मला वाटलं, निळं दिसतंय तर पाखरं तगडी होतील, थोडा जास्त घालू. शिगोशीग दोन डब्या घातल्या. दोनशे पिल्लं मेली, बारके. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, पिल्लांना थंडी लागली असं तुला सांगितलं होतं. आईला मोरचुदाचं कळलं. अण्णा परतले, त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाले, "मीच चुकलो, जाताना मीच जास्त कालवून ठेवला होता." आईनं मोरचुदाची पिशवी खड्ड्यात पुरली आणि त्यांच्याकडून शब्द घेतला, की हे विष या घरात पुन्हा येणार नाही.

महिनाभरानं मोठे नर मरायला लागले, आत्ता मरताहेत तसेच. तेव्हा अण्णांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आजपासून याला नीळ म्हणायचं. आईला कळता कामा नये." कागदावरची शेवटची ओळही त्यांनी तशी बदलली. मी दुकानातून आणायचो, ते कालवायचे. खोलीत मात्र मला पुन्हा घेतलं नाही. रागावून बोलले असते तर मी राहिलो असतो. एक शब्द बोलले नाहीत. मग मी निघालो.

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. त्या शब्दामागे लपलो, हेच खरं. काल फोन केला होता. आईनं उचलला. "बोल रे," म्हणाली. मी "सहज केला" म्हणून ठेवला.

दादा


२४ जुलै

दादा,

पंधरा.

तुझं २४ जूनचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्या दिवशी चोवीस होते. तू एक ओळ लिहिली असतीस, 'नीळ म्हणजे मोरचूद', तर आज मला पंधरा मोजावे लागले नसते. तीन शब्द, दादा. दोन पंप बसले म्हणे.

मला तुझा इतका राग आलाय, की आत्ता समोर असतास तर पाण्याची बादली डोक्यावर ओतली असती. पण राग धरून बसायला वेळ नाही. निवडीला एक महिना आहे आणि मला बारा हवेत. नंतर सावकाश रागावेन, तू कुठे जात नाहीस.

डॉक्टरीणबाईंनी पत्र वाचलं. कपाळावर हात मारला, मग लगेच हिशेब करून शंभर किलो खाद्याला किती ग्रॅम ते लिहून दिलं. त्या म्हणतात, ज्यांची भिंत आधीच जीर्ण झालीय त्यांतले काही जातीलच, मोरचूद म्हणजे ठिगळ नव्हे. पण बाकीचे सावरतील. औषधाच्या दुकानातला तराजू आणलाय. पहिलं वजन करताना माझा हात असा कापत होता, की काटा थांबेना. तीनदा केलं, तीनदा वेगळं आलं. शेवटी बाईंनीच येऊन तोललं. त्या दर आठवड्याला येऊ शकत नाहीत.

दोनशे पिल्लांचं वाचलं. त्यावर मला काय म्हणायचंय ते मला अजून कळलेलं नाही. सतरा वर्षांचा होतास. एवढंच सारखं मनात येतं.

तू इथे ये आणि तोलून दे. पाइपांचे दाब सुईवर मोजण्यात बावीस वर्षं घालवलीस, तुझा हात कापणार नाही.

बारकी


३० जुलै

बारके,

तू म्हणशील ते पाठवतो. चांगला तराजू पाठवतो, आमच्याकडचा, केसाचं वजन दाखवणारा. रजेचं म्हणशील तर रजाही आहे. पण त्या खोलीत मी येणार नाही. निळा खडा बघितला की मला ती पिल्लं दिसतात, टोपलीत भरलेली. मोजायला हात कापतो की नाही हा प्रश्नच नाही, दारातून पाऊल उचलणार नाही.

आणि आईसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? अण्णा तिच्या नजरेत चुकलेले ठरले, तसेच गेले. माझ्यामुळे.

बादली ओतायला तू इकडे ये.

दादा


१२ ऑगस्ट

दादा,

तराजू पोचला. मी लहान मुलासारखा कापसात गुंडाळून ठेवलाय.

आधी आकडा: चौदा. नवीन खाद्य सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी एक गेला, त्यानंतर अठरा दिवस एकही नाही. यकृताचा निकालही आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तांबं जवळजवळ नाहीच." दादा, चौदा नर रोज सकाळी माझ्यासमोर उभे असतात. खिडक्यांची पोती मी हळूहळू काढतेय. काल एकानं पिसारा फुलवला आणि माझा जीव टांगणीला लागला. त्यानं खुशाल मिरवून घेतलं आणि पाणी प्यायला गेला.

आता वाईट म्हण की बरं म्हण, आईला कळलं. मी आंघोळीला गेले होते. ही बाई सहा महिन्यांत अंगणाबाहेर न गेलेली, काठी टेकत थेट खाद्याच्या खोलीत. मी ओल्या केसांनी धावत गेले तर डबीचं झाकण हातात धरून उभी. "मोरचूद," म्हणाली. नुसतं तेवढंच. मला वाटलं, झालं, आता हिची छाती! तिला पोत्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. नर मेल्याचं, नीळ खोडल्याचं, अण्णांनी ते नाव ठेवल्याचं. छातीला काही झालं नाही. उलट मलाच म्हणाली, "मागच्या दारानं मेलेली पाखरं नेतेस ते मला खिडकीतून दिसत नाही असं वाटलं का तुला? मला वाटलं, विकतेस. मला न विचारता विकतेस, म्हणून मी अबोला धरला होता." दीड महिना ती माझ्याशी कमी बोलत होती आणि मला वाटत होतं, थकली असेल.

तुझं तेवढं सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

उबवणी केंद्राला डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाठवला. प्रमुखांचा निरोप आला, वाण ठेवायचा असेल तर यापुढे खाद्य दोन माणसांनी कालवायचं. एकानं तोलायचं, दुसऱ्यानं तपासायचं, दोघांची नावं कागदावर. त्यांचंही बरोबर आहे. मी तपासेन. आतापर्यंत बाई दोनदा येऊन तोलून गेल्या, यापुढे तोलणारा कोण, ते ठरायचंय. गावातल्या कुणाला विष तोलायला बोलावणं माझ्या मनाला येत नाही. तुला पुन्हा 'ये' म्हणणार नाही. एकदा म्हटलं होतं.

बारकी


२७ ऑगस्ट

थोरल्या,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. अक्षर वाकडं येतंय, चालवून घे.

परवा निवड झाली. प्रमुख सकाळीच आले, हातमोजे घातले आणि एकेक नर उचलून पाय, छाती, डोळे सगळं तपासलं. बारकी दारात उभी राहून ओठ चावत होती. एकाला नापास केलं, पायाला गाठ होती. तेरा पास. बारा हवे होते. प्रमुख म्हणाले, हा वाण राहिला. बारकीनं त्यांच्यासमोर मोठ्यानं भोकाड पसरलं. नर घाबरतील म्हणून मी तिला बाहेर काढलं.

आता तुझं. बारकीनं मला तुझं काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी तुझा शर्ट कुणी धुतला होता? बाहीला कोपरापर्यंत निळा रंग, नखांत निळा रंग. आणि तुझे वडील मला सांगतात, मीच कालवून ठेवला होता. दोन दिवस बाहेर असलेला माणूस! मी ऐकून घेतलं. ते तुला वाचवत होते, मग मी कशाला उघडं पाडू. पिशवी पुरली ती पाखरांसाठी नाही, तुझ्या हाताला ते पुन्हा लागू नये म्हणून. तुझे वडील माझ्या नजरेत एक दिवसही चुकलेले नव्हते. हे ऐकून घे, कारण बावीस वर्षं तू उलटं धरून बसला आहेस असं दिसतं.

आणि नीळ! चार शर्टांना किलो किलो नीळ कोण आणतं रे? पहिल्याच महिन्यात कळलं मला. हे सांभाळून घालत होते, पाखरं चांगली होती, मी गप्प बसले. तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत होते. आज सांगेल, उद्या सांगेल. तू सांगितलं नाहीस, निघून गेलास. तेव्हा मीच तुला धरून बसवायला हवं होतं. ती चूक माझी आहे, ती तुझ्या वडिलांच्या नावावर घालू नकोस. तुम्ही सगळे माझ्या छातीला जपत राहिलात आणि वीस पाखरं गेली. माझी छाती अजून आहे.

प्रमुखांनी कागद पुढे केला. 'तपासणारी व्यक्ती' इथे बारकीनं स्वतःचं नाव लिहिलं. 'तोलणारी व्यक्ती' इथे पेन घेऊन बसून राहिली. मी पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि तुझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. प्रमुखांनी शिक्का मारला. रविवारी खाद्य कालवायचं आहे.

बारकी म्हणते, आई, तो येणार नाही म्हणालाय, खोडायला लागेल. मी म्हटलं, या घरात त्या कागदावरचं आता काही खोडायचं नाही.

आई